परभणी जिल्ह्यातलं वाटूर

वाटूरच्या शाळेत मी रुजू व्हायला गेले, तो दिवस मला बव्हेरियामुळे लक्षात आहे. फाट्यावर उतरून चालत शाळेत शिरले तर मैदानात एक गृहस्थ पायजमा घोट्याच्या वर दुमडून, डालड्याच्या जुन्या डब्यातून चुन्याची फक्की ओतत वाकड्यातिकड्या रेघा आखत होते. मला वाटलं खो-खोचं मैदान आखतायत आणि गृहस्थांना दिसतंय कमी. मी सरळ मधून चालू लागले.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "तुम्ही बव्हेरियात पाय दिला."

मी थांबले. त्यांनी आधी माझ्या चपलेकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "आता आल्याच हायेत तर असू द्या. पण हापिसात जायचं तर सॅक्सनीतून जा. तिकडं सध्या लढाई न्हाई."

मुख्याध्यापकांच्या खोलीत कागदावर सही करताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, की बदलीचा अर्ज किती दिवसांनी करता येतो. तो अर्ज मी पुढची चौदा वर्षं केला नाही, त्याचं कारण तेच गृहस्थ. ते इतिहास शिकवत. मी भूगोल आणि इंग्रजी. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'तहवाले सर' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

पुस्तकात युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट लढाईला दीड पान होतं. सर त्याला महिना घेत. तीस वर्षांची लढाई, म्हणून तीस दिवस. मैदानावर चुन्यानं जर्मनी आखायचा, बव्हेरिया, सॅक्सनी अशी लहानमोठी संस्थानं पाडायची, एकेका मुलाला एकेक संस्थान द्यायचं आणि चिठ्ठ्या टाकून अर्धा वर्ग कॅथलिक, अर्धा प्रोटेस्टंट करायचा. मग महिनाभर एकमेकांशी बोलणं बंद, डबा वेगळा, पाणी प्यायची वेळसुद्धा वेगळी. चिठ्ठीनं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "जन्म कुठं झाला ती बी चिठ्ठीच की, बाई." एका वर्षी दोन बहिणी एकाच वर्गात होत्या. एक कॅथलिक निघाली, एक प्रोटेस्टंट. आठ दिवसांनी त्यांचा बाप शेतातून तसाच मातीच्या पायांनी शाळेत आला. माझ्या पोरी एका चटईवर जेवत न्हाईत, तुम्ही काय शिकवून राह्यलात, असं त्यानं दारातूनच विचारलं. सरांनी त्याला खुर्ची दिली आणि अगदी आस्थेनं विचारलं, की थोरली कोणत्या बाजूनं आहे.

तिसाव्या दिवशी लिंबाखाली तह व्हायचा. फुलस्केप कागदावर कलमं लिहायची, सगळ्यांनी खाली सह्या करायच्या. मुलं सह्या करून टाळ्या वाजवणार, तेवढ्यात सर हात वर करत आणि त्यांचा तो ठरलेला प्रश्न विचारत, "तहात कोण राह्यलं?" कोणीतरी राहिलेलंच असायचं. एका वर्षी कापूस वेचायला गेलेली एक मुलगी राहिली होती. सरांनी तिच्यासाठी तह दोन दिवस रोखून धरला, मुलांना दोन दिवस भांडत ठेवलं आणि शेवटी स्वतः सायकल मारत तिच्या शेतावर गेले. बांधावर बसवून तिची सही घेतली. लढाई कोण जिंकलं ते परीक्षेत लिहा, तहाच्या बाहेर कोण राहिलं ते मला सांगा, असं ते म्हणायचे. परीक्षेत ते कधी विचारलं गेलं नाही. आमच्या शाळेचा इतिहासाचा निकाल बेताचाच लागायचा.

मी जालना शहरातली. आम्ही बौद्ध. वडील जिनिंगात होते, आजोबा अंबडकडच्या खेड्यातले. धर्म बदलला की गावातली माणसं कुठून कुठं सरकतात, हे समजायला मला चुन्याची फक्की लागत नव्हती, आणि हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात जरा फटकळपणे ऐकवलं. स्टाफरूममधल्या बाकीच्यांनी माना वह्यांत घातल्या. सर मात्र खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. युरोपात धर्म बदलला तर राजांनी फौजा काढल्या, तुमच्या आजोबांनी छप्पन साली बदलला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं, असं त्यांनी विचारलं.

"विहीर खोदली," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. उजवीकडून डावीकडं. मी चकित होऊन बघत राहिले. भाषा मराठी, पण लिपी उर्दू. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे हाताला तीच सवय. पुढच्या वर्षापासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्याआधी ते मला वर्गात बोलवू लागले. मी आजोबांची विहीर सांगायची आणि मग त्यांनी पॅरिसमधला तुरुंग फोडायचा. राज्य कुणाचं, याचं उत्तर पाणी कोण भरतं त्यावरून कळतं, असं ते मुलांना सांगत. माझ्या आजोबांना फ्रान्सच्या शेजारी बसवणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

आता त्यांच्या हट्टाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी यायच्या दोन वर्षं आधी, एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा नवा झाला. त्याआधी परतूर तालुका परभणीत होता, आणि वाटूर परतुरात. एप्रिलात सगळं गाव परभणीचं होतं आणि मे महिन्यात जालन्याचं झालं. गावाला आनंदच झाला. जालना जवळ, कचेरीची कामं एका दिवसात होणार. एकट्या सरांनी ते मान्य केलं नाही. "लढाई न्हाई, तह न्हाई, मला कुणी इचारलं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पगारपत्रकावर जालना असे, पण स्वतः जे काही लिहीत त्यात मुक्काम पोस्ट वाटूर, तालुका परतूर, जिल्हा परभणी. नातेवाइकांची पत्रं, रजेचा अर्ज, मुलांच्या दाखल्याचं पाकीट, सगळीकडं परभणी. मुख्याध्यापक लाल शाईनं खोडायचे, सर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहायचे. पोस्टमन जुना होता. पत्ता काहीही असो, तो पत्र आणून द्यायचा. मीही त्यांना छळायची. पगार जालन्याचा घेता आणि गाता परभणीचं, हे बरं आहे, असं म्हणायची. त्यावर ते म्हणायचे, "नवरा मरंना का, बाई, माहेर बदलत न्हाई." आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा.

हट्टामागचं खरं कारण मला कळायला दोन-तीन वर्षं गेली. त्यांना कराचीहून पत्रं येत. निळी, पातळ, परदेशी तिकिटांची, उर्दूत लिहिलेली. वर्षातून दोन, कधी तीन. पत्र आलं की सर तो तास सोडून द्यायचे आणि लिंबाखाली जाऊन उभ्यानंच वाचायचे. पत्र लिहिणारा मुनीर. वाटूरच्याच उर्दू शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, सरांच्या बाकावरचा, एका वयाचा. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मुनीरची आई तापानं गेली. सर तिला अम्मा म्हणायचे. तिची कबर अजून ओली होती तोवर पावसाळ्याच्या अखेरीला हैदराबादेत फौजा शिरल्या आणि निजामाचं राज्य संपलं.

सर तेव्हा सतरा वर्षांचे. सरहद्दीवरच्या कँपातून चळवळीचे निरोप आणायचं काम त्यांच्याकडं होतं. वर्षभर रझाकारांनी गावोगाव जो धिंगाणा घातला होता तो त्यांनी पाहिला होता, त्यांच्या चुलत्याचा खांदा त्यातच कायमचा गेला होता. त्यामुळे राज्य बदललं तेव्हा त्यांना झालेला आनंद खरा होता, आणि तो त्यांनी माझ्यापासून कधी लपवला नाही. पण राज्य बदललं आणि लोकांचा राग समोर जो सापडला त्याच्यावर निघाला. मास्तरांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तरी त्यांच्या घराची दारं कुऱ्हाडीनं फुटली. मास्तर मुलांना बैलगाडीत घालून आधी परभणीला, तिथून हैदराबादेला आणि पुढं कराचीला गेले.

"मी चावडीवर झेंड्याच्या दोरीला गाठ मारून राह्यलो होतो," सर मला एकदा म्हणाले. "हलगी वाजून राह्यली होती, म्हणून गाडीची घुंगरं ऐकू आली न्हाईत. खाली उतरलो तर मुनीरचं घर उघडं. आत कुणी न्हाई."

दर सप्टेंबरात शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन व्हायचं. गावात चळवळीतले तेवढे तेच उरलेले, म्हणून त्यांना बोलायचा आग्रह व्हायचा. ते झेंड्याला नमस्कार करायचे, मुलांबरोबर मोठ्यानं गाणं म्हणायचे आणि सरळ कबरस्तानात चालते व्हायचे. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा अर्जही त्यांनी केला नाही. कुणी विचारलं तर माझं काम अर्धंच झालं म्हणायचे. अम्माच्या कबरीवर त्यांनी पहिल्या पगारातून दगड बसवला होता. त्याच्या भोवतीचं गवत ते स्वतः काढत.

युरोप शिकवताना एका ठिकाणी त्यांचा आवाज दरवर्षी बारीक व्हायचा, ते कुठं हे मला तेव्हा उमगलं. सोळाव्या शतकातला एक जुना तह. राजाचा धर्म तोच रयतेचा, आणि ज्याला तो मानवत नसेल त्याला गाव सोडून जायची मुभा. हे कलम ते फळ्यावर लिहायचे. म्हणायचे, "गाव सोडायचा हक्क. हक्क म्हणतेत त्याला." देश असेच झाले, प्रत्येक देशाच्या पायाखाली अशी रिकामी घरं आहेत, एवढं सांगून ते पुढच्या कलमाकडं वळत. मुलं लिहून घेत.

मुनीरसाठी वाटूर परभणी जिल्ह्यातलं होतं आणि सरांना ते तसंच ठेवायचं होतं. परत येणाऱ्याला आपलं गाव जिथं सोडलं तिथं सापडलं पाहिजे, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी ते कधी स्पष्ट विचारलं नाही.

सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना मुनीरचं पत्र आलं, की तब्येतीचा भरवसा वाटत नाही, एकदा अम्माच्या कबरीपाशी उभं राहायचंय, तिच्यासाठी फातिहाची दुआ वाचायचीय. बस, एवढंच. जन्मात दुसरं काही मागणार नाही. सरांनी ते पत्र मला अख्खं वाचून दाखवलं. वाचताना दोनदा चष्मा पुसला. विसासाठी इथून बोलावण्याचा कागद जायला हवा होता, इंग्रजीत. सरांचं इंग्रजी यथातथाच, म्हणून ते फॉर्म घेऊन माझ्याकडं आले.

मधल्या सुट्टीत, मस्टरवर ठेवून, मी तो फॉर्म भरला. बोलावणाऱ्याचं नाव, काम, नातं. नात्याच्या रकान्यात त्यांनी आधी भाऊ सांगितलं, मग खोडून मित्र लिहायला लावलं. मग भेटीचं ठिकाण आलं. गाव वाटूर, तालुका परतूर. जिल्ह्याच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. मी मान वर करून हसत विचारलं, "परभणीच ना, सर?"

"बिलकुल," ते म्हणाले.

आणि मी लिहिलं. मी भूगोलाची बाई. दरवर्षी आठवीच्या मुलांकडून जालना जिल्ह्याचा नकाशा भरून घ्यायची, एकाची जरी हद्द चुकली तरी पट्टी उचलायची. त्या दिवशी मात्र मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, होऊ दे. पोस्टमनसारखंच सरकारही पत्र बरोबर जागी आणून देईल, असं मी गृहीत धरलं. इतकी वर्षं त्या हट्टाला हसून हसून तो मला गंमतच वाटायला लागला होता.

विसा मिळाला. दोन आठवड्यांचा. सरांनी कबरस्तानाची भिंत डागडुजी करून घेतली, गावातल्या मुसलमान घरांमधून कोण मुनीरच्या ओळखीचं उरलंय त्याची यादी केली, मुनीरला कुणाच्या घरी पहिलं जेवण द्यायचं यावरून दोन घरांत तक्रार झाली तर तिथंही तीन कलमांचा तह लिहून दिला. मुनीर आधी परभणीला मामेभावाकडं उतरणार होता, कारण जामीन म्हणून पोलिसांत त्या मामेभावाची सही होती. दुसऱ्या दिवशी वाटूर.

दुसऱ्या दिवशी वाटूरला मुनीर आला नाही, मामेभावाचा फोन आला. शाळेतल्या फोनवर मीच घेतला. परभणीच्या पोलिस कचेरीत हजेरी लावायला गेले तेव्हा तिथल्या कारकुनानं विसा पाहिला आणि नकाशा पाहिला. विसा परभणी जिल्ह्यापुरता. वाटूर जालना जिल्ह्यात. पाहुण्यांना जिल्ह्याची हद्द ओलांडता येणार नाही. कारकून वाईट माणूस नव्हता म्हणे. त्यानं चहा पाजला आणि दुरुस्ती दिल्लीहूनच होईल, दोन आठवड्यांत होणं कठीण, असं सांगितलं.

सर शेजारी उभे होते. फोन ठेवून मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मी केलं हे." मी केलं, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जालन्याला कलेक्टर कचेरीत गेलो, तिथून हात हलवत परत आलो आणि मग परभणीला गेलो. मुनीर दारात उभे होते. उंच, वाकलेले, पांढरी दाढी. सर पायऱ्यांवरच थांबले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली नाही. मुनीरनी सरांचा हात धरून त्याची बोटं एकेक करून पाहिली, जणू मोजून घेत होते, आणि मग दोघंही रडले. बोलायला लागले तर मुनीरची मराठी अगदी अठ्ठेचाळीस सालची होती, गावातही आता कुणी तसं बोलत नव्हतं. "तू किती म्हतारा दिसायलास रे," ते सरांना म्हणाले, आणि सर हसले. त्या हसण्यासाठी तरी हा फॉर्म भरला हे बरं झालं, असं क्षणभर मला वाटलं.

जेवताना मी विषय काढला. उद्याची गाडी धरू, परतूरला उतरू, तिथून जीपनं वाटूर, अर्धा तास थांबू आणि संध्याकाळच्या आत परत. कोण बघणार आहे? सरांनी ज्या आशेनं मुनीरकडं पाहिलं त्यावरून कळलं, की हे त्यांच्याही मनात कालपासून होतं. मुनीरनी घास खाली ठेवला आणि दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मामेभावाकडं पाहिलं.

"सही याची हाय," ते म्हणाले. "मैं तो चला जाऊँगा. याला हितं ऱ्हायचंय."

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. पण परभणी जिल्हा जिथं संपतो तिथवर तरी जाऊ, असं मुनीरच म्हणाले. पोलिसांना सांगून आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं सेलूला आलो. पुढं सातोना, मग परतूर, आणि ते जालन्यात. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. ती आम्हाला उतरवून तिथंच थांबली, डब्याचं दार आमच्या बाकाच्या बरोबर समोर. त्यातली माणसं परतूरला उतरणार होती, त्यांच्या मांडीवर भाजीच्या पिशव्या होत्या. मुनीर त्या दाराकडं पाहत होते. मी सरांकडं पाहत होते. इंजिनानं शिटी दिली तेव्हा सर उठले, दारापर्यंत गेले, दांड्याला हात लावला आणि परत येऊन बसले. गाडी गेली.

मग मुनीरनी विचारलं, कबर कशी आहे ते सांग. सरांनी सांगितलं. दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला सहावी. डोक्याशी लिंब आहे, तो आपोआप उगवलेला. दगड काळा. पावसाळ्यात एका बाजूनं खचते म्हणून तिकडं मुरूम टाकलाय. मुनीर डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनच एखादं विचारत होते, उजवीकडं कोण आहे, समोरची बाभूळ अजून आहे का. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी त्याच बाकावर बसून हात पसरले आणि फातिहा वाचला. शेजारी शेंगावाला बसला होता, त्यानं टोपली बाजूला सरकवून घेतली. दुपारच्या गाडीनं आम्ही मुनीरना परभणीला पोचवलं. आठवड्यानं ते कराचीला परत गेले.

सरांनी त्यानंतर जिल्हा परभणी कधी लिहिलं नाही. मुख्याध्यापकांना वाटलं, चला, निवृत्तीच्या तोंडावर शहाणपण आलं. मला ते बघवत नव्हतं. त्या वर्षी मैदानावर जर्मनीही आखला गेला नाही. धडा पुस्तकातून दीड पानात झाला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. तरी त्यांनी आशा सोडली नव्हती. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा फॉर्म भरला. या वेळी मी जालना हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि तीनदा वाचला. मग तो डिसेंबर आला, ब्याण्णवचा. अयोध्येतली मशीद पडली, देशभर माणसं मेली, आणि असा विसा मिळण्याचे दिवस संपले. पत्रं तेवढी येत राहिली, पण विसाची गोष्ट त्यात नसे. पुढं माझी बदली झाली. मी जालन्याला राहायला आले. जमेल तेव्हा वाटूरला चक्कर मारायची. सर ओट्यावर बसलेले असायचे आणि मी दिसले की आधी विचारायचे, टपाल हापिसात डोकावून आलात का.

दोन हजार एक किंवा दोन साल असेल. त्यांचा निरोप आला, की येऊन जा. गेले तर ओट्यावर पत्र होतं, निळं नव्हतं, पांढरं पाकीट. सरांना मोतीबिंदू झालेला. भिंग धरून त्यांनी ते चार दिवस लावून वाचलं होतं. पत्र मुनीरच्या मुलीचं होतं. अब्बा गेले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. तुमचं नाव घेत होते.

मी काहीतरी बोलायला गेले. सरांनी काठी उचलली.

"चला, बाई," ते म्हणाले. "तिला सांगायला पायजे. मुलगा गेला आन् आईला खबर न्हाई, असं बरं न्हाई."

मी त्यांचा दंड धरून कबरस्तानात घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी तिथं आत कधी गेले नव्हते. डाव्या हाताला सहावी. सरांनी काठी लिंबाला टेकवली, टोपी नीट केली आणि शाळेत उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. 

"अम्मा, मुनीर गुजर गया," ते म्हणाले. "तो आल्ता. सेलूपर्यंत आल्ता. माझ्या हट्टापायी तुमच्यापर्यंत पोचला न्हाई."

ते थांबले. त्यांचे खांदे हलत होते. बारा वर्षं मी हे गिळून बसले होते. ज्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, तो माणूस माझी चूक आपल्या डोक्यावर घेऊन एका आईसमोर उभा होता. मी पुढं झाले.

"अम्मा, तो फॉर्म मी भरला होता," मी म्हणाले. "जिल्हा चुकीचाय हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं."

सर माझ्याकडं वळले नाहीत. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मग माझ्या मनात आलं, की मी मराठीत बोलले, अम्मांना काय कळणार, आणि मी सरांना म्हणाले, तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.

"समजतं त्यांना," सर म्हणाले. "माझ्याशी मराठीतच बोलायच्या."

तेव्हा मी पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश.